मागणारा हात, अडवणारा हात

नागपूरच्या व्हरायटी चौकात सिग्नलला थांबले होते, मागे आई बसलेली. पंचविशीतला एक जण आला आणि त्याने थेट स्कूटरचं हँडल धरलं. "दहा दे." नाही म्हटल्यावर पकड आणखी घट्ट झाली, दुसरा हात आईच्या पिशवीकडे गेला. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजू लागले. दहाची नोट त्याच्या हातात कोंबली तेव्हा कुठे त्याने वाट सोडली. असल्यांना आत टाकायला हवं, हे मी घरी पोहोचेपर्यंत बोलत होते.

मार्च २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी कलम १४४ खाली चौकांत, रस्त्यांवर भीक मागायला बंदी केली. मला बरं वाटलं. पुढच्या मंगळवारी आई देवळातून डबा तसाच घेऊन परत आली. पायऱ्यांशी एक म्हातारा बसायचा, त्याला ती दर मंगळवारी पोळी-भाजी द्यायची. पुढ्यात वाडगं, नजर खाली, कधी कोणाला हाकही मारत नसे. त्याची जागा रिकामी होती.

"त्याने कोणाचं काय धरलं होतं गं?" आईने विचारलं.

त्या प्रश्नामुळे मी १९५९ चा मुंबईचा भिक्षा प्रतिबंधक कायदा काढून वाचला. त्यात मागणं तर गुन्हा आहेच; गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं अशा निमित्ताने मागणंही त्यात येतं. म्हणजे पहाटे टाळ-चिपळ्या वाजवत येणारा वासुदेव, अंगावर आसूड ओढणारा पोतराज, दारोदार फिरणारा नंदीवाला, हे सगळे त्या व्याख्येत बसू शकतात. त्याहून बोचतं ते पुढचं: उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि माणूस रस्त्यावर भटकतो आहे, एवढंही पुरेसं. वॉरंटशिवाय अटक, पहिल्यांदा सापडला तर १ ते ३ वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडला तर १० वर्षांपर्यंत. हँडल धरणारा आणि वाडगं घेऊन बसणारा यांत हा कायदा फरकच करत नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये, भीक मागणं हा गुन्हा ठरवणारी याच कायद्याची कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. जबरदस्तीने भीक मागायला लावणाऱ्यांसाठी वेगळा कायदा करायची वाट मात्र मोकळी ठेवली. मला ही विभागणी पटते. इंदूरने जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरच गुन्हा नोंदवायचं ठरवलं. तिथे माझ्या आईचा डबाही कदाचित गुन्ह्यात मोजला गेला असता.

माझी त्या दिवशीची भीती खरी होती, ती मी नाकारत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये, एकटीने रिक्षात बसलेली असताना बायकांना ती अनेकदा गिळावी लागते. पण रस्ता अडवणं, अंगाला हात लावणं, धाक दाखवून पैसे काढणं हे गुन्हे भारतीय न्याय संहितेत आहेतच. मुलांना भीक मागायला लावणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे. चौकातल्या पोलिसाने हँडल धरणाऱ्याचा हात धरावा, त्यासाठी नवा आदेश लागत नाही. म्हाताऱ्याला मात्र निवारा, औषध आणि रेशनकार्ड लागतं, आणि ते कुठलाही बंदी आदेश देत नाही.

महाराष्ट्रात १९५९ चा तो कायदा आजही लागू आहे. तो रद्द व्हायला हवा.