वहीतला पक्षी

पावसाळा सरला की मध्य आशियाच्या माळांवरून भोवत्यांसारखे शिकारी पक्षी आपल्या देशाकडे येतात. मोलगीच्या एखाद्या अंगणात बसून कुणी ते मोजू लागला, तर त्याच्यापुढे दिसायला लहान असा एक प्रश्न उभा राहतो. डोंगराआड गेलेला पक्षी पुन्हा वर आला. तो तोच की दुसरा? दोन लिहिले तर कोणाचे काय बिघडते? पक्षी तक्रार घेऊन येत नाही, साक्षीदारही कोणी नसतो.

बंधु-भगिनींनो, काय बिघडते ते आपल्याच सातपुड्यात पाहा. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८८४ नंतर अभ्यासकांना मिळाले नव्हते. रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज अधिकाऱ्याने मात्र १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे ते मिळवल्याची नोंद केली. ती सपशेल खोटी होती. जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात पूर्वी मिळवलेला नमुना त्याने संग्रहालयातून चोरला आणि त्यावर आपली चिठ्ठी लावली. मोठा माणूस, म्हणून वर्षानुवर्षे कोणी विचारले नाही! पुढे पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, ती नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागाने शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला.

चौथे शील आपण तोंडाने म्हणतो. ते वहीला लागू नाही काय? माझे मत असे की, शंका असेल तेथे एकच पक्षी लिहावा आणि शेजारी शंकाही लिहावी. संध्याकाळी आकडा कमी भरला म्हणून मुले हिरमुसतात. हिरमुसू द्यावीत.