अंश आणि छेद

दिवाळी झाली की माझा वर्ग एकाएकी हुशार होतो. ही थट्टा नव्हे. गेली कित्येक वर्षे मी हा चमत्कार पाहत आलो आहे. आणि खरे सांगायचे तर त्याचे श्रेयही बिनदिक्कत घेत आलो आहे.

माझी शाळा बालाघाटच्या डोंगरातील एका खेड्यात आहे. जिल्हा परिषदेची, चार खोल्यांची. गावाला पाऊस कमी आणि पिकाऊ जमीन त्याहून कमी. त्यामुळे भाऊबीज आटोपली की निम्मे गाव ऊस तोडायला निघते. ट्रक नाही तर ट्रॅक्टर दाराशी येतो. त्यात भांडी, सरपण, कोंबड्या, शेळी आणि मुले चढतात. ही माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात, ती उन्हाळ्यातच परततात. आपल्या फराळाच्या ताटातील साखर त्यांच्या हातून गेलेली असते.

एका वर्षाचा हिशेब सांगतो. तिसरीच्या पटावर ३१ मुले होती. न अडखळता धडा वाचणारी त्यांत १४. म्हणजे शेकडा ४५. दिवाळीनंतर १२ मुले गेली. त्यांत चांगले वाचणारी दोनच. राहिली १९, त्यांत वाचणारी १२; म्हणजे शेकडा ६३. मी एक अक्षरही नवे शिकवले नव्हते, आणि वर्ग अठरा पावले पुढे गेला होता!

जानेवारीत तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारले, "मुले किती, गुरुजी?"

मी म्हणालो, "हजर एकोणीस."

शब्दाला शब्द खरा होता. साहेबांनी वाचन घेतले, शेरेबुकात चार चांगले शब्द लिहिले आणि चहा घेऊन गेले. उरलेल्या बारांविषयी ना त्यांनी विचारले, ना मी सांगितले. धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटे वर चाले, आणि एका अर्ध्या सत्याने तो खाली टेकला. माझा रथ पहिल्यापासून जमिनीवरच. त्यामुळे मला धक्काही जाणवला नाही.

धक्का बसला तो जूनमध्ये. त्या बारांपैकी एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या दाराशी उभी राहिली. कायद्याने ती आता चौथीत होती. हातात मात्र तिसरीचेच पुस्तक होते. तिने ते उघडले. एका पानात मोरपीस ठेवलेले होते. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "गुरुजी, हितवर झालं व्हतं."

तो जोडाक्षरांचा धडा होता. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आम्ही तो अर्धा टाकला होता. तिने ती खूण सहा महिने, कोपीत, उसाच्या पाचटात जपली होती. आणि मला आठवले, त्यांचा ट्रॅक्टर निघाला तेव्हा मी शाळेच्या दाराशी उभा होतो. वाईट वाटत होते. पण त्याच्या तळाशी थोडे हायसेही वाटले होते. अडखळणारी ती मुले आता माझ्या हिशेबात नव्हती.

हा मोह माझा एकट्याचा नाही. १८६२ साली इंग्लंडने ठरवले की मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, गणितातील परीक्षा पाहून शाळांना पैसे द्यावेत. मग मास्तर मुलांकडून वाचनाची पुस्तके पाठच करून घेऊ लागले. मॅथ्यू अर्नोल्ड हा कवी त्या काळी शाळा-तपासनीस होता. त्याने या पद्धतीला विरोध केला. शतक संपता संपता ती मोडीत निघाली.

आपल्याकडे १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे मागणी केली, की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना तो हक्कच दिला. जोतीराव ज्यांच्यासाठी बोलले त्यांची मुले आज पटावर आली आहेत. पटावरून ती हिशेबात मात्र मी येऊ दिली नव्हती.

कोणी म्हणेल, समोर नसलेल्या मुलांचा जाब मास्तराने का द्यावा? प्रश्न रास्त आहे. शहरात आईबाप शिकलेले, घरात पुस्तके. तिथला शेकडा नव्वद आणि माझा शेकडा पंचेचाळीस एकाच तागडीत घालणे हा अन्यायच. आईबापांना तरी बोल कसा लावावा? नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाची उचल केव्हाच खर्च झालेली. दोघे फडात गेल्यावर तान्ह्याला सांभाळणार कोण? साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली; त्यांनी काही मुले सावरली. पण कडेवरच्या भावाची सोय तिथे नव्हती, म्हणून त्याची बहीण त्याच्याबरोबर गेली.

परंतु दोष कोणाचा हा एक प्रश्न, आणि मोजायचे कोणाला हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अवघड म्हणून मी दुसऱ्याचे उत्तर सोयीचे करून घेतले होते. अपूर्णांक मोठा करायचा तर अंश वाढवावा किंवा छेद कमी करावा. अंश वाढवायला घाम गाळावा लागतो. छेद कमी व्हायला आपण नुसते गप्प बसले तरी पुरते. घरच्या कार्यात "सगळी पंगत जेवली" असे आपण समाधानाने म्हणतो, तेव्हा वाढणाऱ्या बायका त्या 'सगळ्यां'त असतात का?

त्या वर्षी शाळा भरण्यापूर्वी अर्धा तास मी त्या मुलीला जोडाक्षरे शिकवू लागलो. भाऊ शेजारी खडू चघळत बसे. दिवाळीपर्यंत ती वाचू लागली. भाऊबीजेनंतर पुन्हा गेली.

जानेवारीत साहेब आले. "मुले किती, गुरुजी?"

"पटावर एकतीस. हजर एकोणीस. बारा फडात आहेत."

साहेबांनी क्षणभर लेखणी थांबवली, मग तिन्ही आकडे लिहून घेतले. शेकडा बराच खाली आला; शेराही बेताचाच मिळाला. पण वाचता येणाऱ्यांची यादी मी वाचून दाखवली, तेव्हा समोर नसलेल्या त्या मुलीचे नाव तीत होते.