देव्हारा मोडल्यावर काय?

चीन देशांतील झाओ शूली ह्या लेखकानें १९४३ सालीं, कम्युनिस्टांच्या ताब्यांतील मुलखांत, एका तरुण जोडप्याच्या लग्नाची गोष्ट प्रसिद्ध केली. तींत अंगांत येणारी एक बाई व पेरणीलाही मुहूर्त पाहणारा एक पुरुष आहे. पुरुषाचें हसें होतें तें त्याच्या पंचांगामुळें. बाईचें मात्र तिच्या पावडरीमुळें व नक्षीच्या जोड्यांमुळें. शेवटीं ती लाजून आपला देव्हारा मोडते. ह्यास भ्रमाचें निर्मूलन म्हणावें कीं प्रौढ स्त्रीची फजिती? आम्हांस तर फजितीच अधिक दिसते.

बरें, देव्हारे मोडून काय गेलें? त्याच देशांत २०१० च्या शिरगणतींत जन्मणाऱ्या शंभर मुलींमागें सुमारें ११८ मुलगे आढळले. आमच्या बीड जिल्ह्यानें त्यांस हसूं नये. २०११ सालीं येथें सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागें ८०७च मुली होत्या. महाराष्ट्रांत इतकी खालची संख्या दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्याची नव्हती. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा १९९४ चा कायदा असतां हें घडलें. सोनोग्राफीच्या यंत्रापाशीं अंगांत येणारी बाई बसत नाहीं. तेथें शिकलेला मनुष्य बसतो, व त्याची फी देणारा सासराही बहुधा चार बुकें वाचलेला असतो. वंशाला दिवा पाहिजे, ह्या त्यांच्या समजुतीस मात्र कोणी अंधश्रद्धा म्हणत नाहीं. उपदेशकाच्या तोंडीं असते ती नवसाला जाणारी म्हातारीच.