आजोबांचा उंबर

शास्त्रपाठ : ईयोब 14:7-15, लूक 19:1-10



आमचे आजोबा 1974 साली प्रभूमध्ये निजले. ते कोणी मोठे धर्मोपदेशक नव्हते. बेळगावच्या दक्षिणेस खानापूर तालुका आहे. तेथील एका खेड्यात ते मिशन शाळेचे मास्तर होते. मुलांना शिकवावे, पाळकसाहेब येऊ शकले नाहीत तर रविवारची उपासना चालवावी, आणि उरलेला वेळ झाडापाखरांत घालवावा, हा त्यांचा क्रम. मलप्रभेचा उगम कणकुंबीस आहे. त्या बाजूच्या रानातून ते आम्हां भावंडांना तासन् तास चालवीत. जांभूळ, हिरडा, किंजळ ही झाडे आम्ही पुस्तकातून नव्हे, तर त्यांचे बोट धरून शिकलो. पावशा ओरडला की ते थांबत, टोपी काढीत आणि म्हणत, "ऐका, पोरांनो, देवाने पावसाची वर्दी पाठवली."

प्रार्थनामंदिराच्या आवारात, विहिरीजवळ, एक जुना उंबर होता. रानात फळ दुर्मिळ झाले तरी उंबर लगडलेला असे. तांबट, बुलबुल, हरोळ्या दिवसभर, आणि रात्री वटवाघळे. पण मंडळीतील एका वडिलांना हे झाड खटकत होते. ते म्हणाले, "मास्तर, उंबर म्हणजे दत्ताचे झाड. लोक त्याला प्रदक्षिणा घालतात. ते आपल्या आवारात कशाला?"

आजोबांनी शास्त्र उघडून त्यांच्या हाती दिले. "जक्कय कोणत्या झाडावर चढला ते जरा मोठ्याने वाचा." वडिलांनी वाचले आणि ते गप्प झाले. आपल्या मराठी शास्त्रात तो उंबरच आहे. मग आजोबा म्हणाले, "झाडाची पूजा करणे हे आपले काम नाही. पण दुसरा कोणी पूजा करतो म्हणून देवाने केलेल्या झाडाचा राग धरावा, हेही आपले काम नाही. प्रभूने मान वर करून ज्या झाडाकडे पाहिले, त्याच्यावर आपण कुऱ्हाड कशी उचलावी?"

पालेस्ताईनातले ते झाड अगदी आपला उंबर नव्हे. पण त्याचा सख्खा भाऊबंद खरा. त्यालाही फळे खोडावर घोसाघोसांनी येतात. आमोस संदेष्टा त्या झाडांची निगा करीत असे (आमोस 7:14). दावीद राजाने तर त्यांच्यावर देखरेख करण्यास स्वतंत्र अंमलदार नेमला होता (1 इतिहास 27:28). झाडाची काळजी घेणे हे राजाच्या राज्यकारभाराचे काम होते आणि संदेष्ट्याच्या पोटापाण्याचेही होते.

रविवार शाळेत आजोबा कधीकधी एक कच्चे उंबर चाकूने चिरून दाखवीत. "उंबराचे फूल कोणाला दिसत नाही म्हणतात ना? हे पाहा." आत शेकडो बारीक फुले असत. फळाच्या तोंडाशी असलेल्या छिद्रातून एक इवलीशी माशी पराग घेऊन आत शिरते. शिरताना तिचे पंख झडतात आणि ती परत बाहेर येत नाही. तिच्या लेकी मात्र पुढे दुसऱ्या झाडाकडे उडून जातात. आजोबा एवढे सांगून थांबत. उपदेश करीत नसत. पण त्यांचे स्वतःचे जीवन त्या फुलासारखेच होते. फूल आत, आणि फळ सगळ्यांना.

आता आम्हांला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. 1981 साली तो उंबर तोडण्यात आला. मुळांनी कुंपणाच्या भिंतीला तडा गेला होता, आणि गळलेल्या फळांवर माश्या घोंघावत, म्हणून लग्नाच्या पंगतींना अडचण होई. पंचकमिटीत ठराव झाला. त्यावर पहिली सही आमची होती. आजोबांचा फोटो आमच्या घरी भिंतीवर होता, दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ आम्ही मंडळीला देणगी देत होतो, आणि सही करताना आमचा हात थांबला नाही. लाकूड जळाऊ म्हणून विकले. आलेल्या पैशांत भिंतीला रंग दिला.

पुढच्या ईस्टरला पहाटेची उपासना नेहमीप्रमाणे झाली. पूर्वी गीतांच्या मध्ये तांबटाचा टुक टुक असा ठेका ऐकू येई. त्या दिवशी तो नव्हता. मंडळीतील एक म्हातारी बाई बाहेर पडताना एवढेच म्हणाली, "मास्तर आता खरे गेले."

प्रियजनहो, ते शब्द आम्हांला फार लागले. आम्ही स्मरण फोटोत ठेवले होते. आजोबांनी ते जमिनीत ठेवले होते.

त्याच पावसाळ्यात, 1982 साली, त्या बुंध्याला चार धुमारे फुटले. आवार साफ करणारा विळा घेऊन आला, तेव्हा आम्ही धावत जाऊन त्याला थांबवले. जोमदार धुमारा राखला, बाकीचे काढले, शेळ्यांपासून जपण्यासाठी बोरीच्या काट्यांचे कुंपण घातले. पण जक्कयाची गोष्ट झाडावर चढण्याने संपत नाही. तो खाली उतरला आणि ज्यांचे अन्यायाने घेतले होते त्यांना चौपट देण्यास उभा राहिला. पश्चात्तापाला हातांचे काम असते. म्हणून एका उंबराबद्दल आम्ही चार रोपे लावली. त्यांतली दोन मेली, एक जांभूळ आणि एक फणस जगला. आज तो उंबर पुन्हा मोठा झाला आहे आणि तांबट परत आले आहेत.

ईयोब म्हणतो की तोडलेल्या झाडाला आशा असते. पाण्याचा नुसता वास लागला तरी ते पुन्हा फुटते. मग तो विचारतो, मनुष्य मेल्यावर पुन्हा जगेल काय? बुंध्याचा धुमारा या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. झाड आपल्या मुळांतल्या जिवावर फुटते. आमच्या आजोबांच्या कबरेत तसे काही उरलेले नाही. त्यांना उठवील तो प्रभूच. मार्थेला त्याने सांगितले की पुनरुत्थान तो स्वतः आहे. आणि ईयोबालाही पुसटसे दिसले होते की देव एके दिवशी हाक मारील, आपल्या हातच्या कृतीची त्याला ओढ लागेल, आणि मनुष्य ओ देईल. रानात पाखराची हाक ऐकून थांबणारे आमचे आजोबा ती हाक ऐकतील, याविषयी आम्हांला शंका नाही.

रविवार शाळेच्या शिक्षक बंधुभगिनींनो, पुढच्या रविवारी जक्कयाचा धडा असो वा नसो, एक उंबर चिरून मुलांना दाखवा. आणि ज्या घरी आजीआजोबांची आठवण निघते, त्या घरी आज एवढे विचारा : त्यांनी ज्याची निगा राखली, ते आमच्या हाती सुखरूप आहे काय? नसेल, तर बुंधा अजून जिवंत असेल. आधी विळा खाली ठेवा.

हे प्रभू, जे आम्ही तोडले त्याची क्षमा कर, आणि जे तू फुटू देतोस ते राखण्यास आम्हांला शिकव. आमेन.