खेळ कोणाचा?

गेल्या दिवाळीस माझा पुतण्या चार दिवस जोयड्यास घरी आला होता. फराळ आटोपून ओटीवर गप्पा चालल्या असता तो सहज म्हणून गेला, "काका, आमचे तिथले गाव २०११ साली बुडाले." ज्या गावाविषयी तो बोलत होता ते पृथ्वीच्या कोणत्याही नकाशावर नाही. अमेरिकेत शिकत असताना महाजालावरील एका खेळात तो काही वर्षे रमला होता. त्या खेळातील ते गाव. माझी आई जवळच वाती वळीत बसली होती. तिचा जन्म सुप्याचा. काळी नदीवर गणेशगुडी येथे १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि जुने सुपा गाव जलाशयाखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले आणि विस्थापितांची वसाहत रामनगरास झाली. हातातली वात खाली न ठेवता आई म्हणाली, "अरे बाबा, गाव बुडणे म्हणजे काय, ते तू पाहिलेले नाहीस." पुतण्या ओशाळला आणि बोलणे तेथेच थांबले.

माझ्या मनात मात्र ते थांबले नाही. पुतण्याने वापरलेला शब्द केवळ अतिशयोक्तीचा होता, की त्यात काही सत्यांश होता? जे स्थळ मुळातच कल्पित, त्याच्या नाशाविषयी माणसाला तक्रार करता येते काय? आणि येत असेल, तर ती कोणत्या अधिकाराने? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु ज्यांच्या हाती मालकी नाही पण ज्यांचे आयुष्य एखाद्या जागेत गुंतलेले आहे, अशा सर्वांचाच तो प्रश्न आहे, असे मला दुसऱ्या दिवशी वाटू लागले.

तो खेळ म्हणजे 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'. प्रसिद्ध चित्रपटमालिकेतील ग्रहताऱ्यांच्या विश्वावर आधारलेला हा खेळ जून २००३ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. महिना सुमारे १५ डॉलर वर्गणी भरावी, आपल्या पसंतीचे एक सोंग घ्यावे आणि हजारो अनोळखी माणसांसह त्या विश्वात वावरावे, अशी त्याची रीत. दशावतारात सोंग घेणारा रात्र संपली की मुकुट उतरवितो. येथे सोंग वर्षानुवर्षे चालते आणि आपण झोपलो असताही ते विश्व जागे असते. विशेष हा की, त्यात सर्वांनी लढवय्येच व्हावे असा आग्रह नव्हता. कोणी शिंपी होई, कोणी वैद्य, कोणी घरे बांधणारा, कोणी आचारी. कारागिराने घडविलेल्या वस्तूवर त्याचे नाव राही, आणि चांगल्या कारागिराचे नाव गिऱ्हाइके दूरवरून शोधीत येत. खेळाडूंनी स्वतः गावे वसवावीत, आपल्यातून नगराध्यक्ष निवडावा, अशीही सोय होती. लढून थकलेल्या योद्ध्याच्या मनाचा शीण उपाहारगृहातील नर्तक आणि वादक यांच्यासमोर काही काळ बसल्यावाचून उतरत नसे. माझा पुतण्या तेथे वादक होता. दिवसभर विद्यापीठात मान मोडून काम करावे आणि रात्री परग्रहावरील एका उपाहारगृहात दमलेल्या शिपायांसाठी वाद्य वाजवावे, असा त्याचा क्रम होता.

नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने हा खेळ जवळजवळ मुळापासून बदलला. तीसहून अधिक व्यवसाय होते, त्यांचे नऊ केले. संथ, परस्परावलंबी संसाराच्या जागी झटपट लढाईवर भर आला. अधिक नवे लोक यावेत, हा हेतू. त्याच महिन्याच्या आरंभी खेळाचा एक नवा भाग विकला गेला होता; तो घेणाऱ्यांना या बदलाची कल्पना नव्हती. ओरड झाल्यावर त्या भागाचे पैसे परत देण्याची तयारी कंपनीला दाखवावी लागली. अनेक जुने खेळाडू निघून गेले. पुढे १५ डिसेंबर २०११ रोजी तो खेळ कायमचा बंद झाला आणि पुतण्याचे गाव 'बुडाले'.

या बदलाविषयी खेळाडूंनी त्या वेळी लिहिलेली मते पुतण्याने मला वाचावयास दिली. अंगणाच्या ज्या एका कोपऱ्यात यंत्राला संदेश मिळतो, तेथे खुर्ची टाकून दोन संध्याकाळी मी ती वाचली. त्यांत शिवीगाळ होती, विनोद होता, आणि कोणालाही आपली वाटावी अशी हळहळही होती. मतेही एकसारखी नव्हती. काहींच्या मते जुना खेळ दोषांनी भरलेला व कंटाळवाणा झाला होता आणि बदल अटळ होता. काहींच्या मते बदल हवा होता, पण हा नव्हे. काहींचा रोख पैशावर होता: आम्ही एक वस्तू विकत घेतली, तुम्ही दुसरीच हाती दिली. आणि काही म्हणत, ही मालकाची वस्तू. पटत नसेल त्याने उठून जावे.

या शेवटच्या मताचा विचार प्रथम केला पाहिजे, कारण कायदा त्याच्या बाजूचा आहे. अशा खेळात शिरताना जो करार मान्य करावा लागतो, त्यात बहुधा हेच असते की, येथील सर्व काही कंपनीचे. खेळणाऱ्यास केवळ वावरण्याची परवानगी. करार मान्य करूनच तो आत गेला. मग तक्रार कसली? हा पूर्वपक्ष भक्कम दिसतो. पण आपल्या भागातील वाचकांना त्यात एक जुनी, ओळखीची भाषा ऐकू येईल. जमीन माझी, तू कसण्यापुरता. उठ म्हटले की उठायचे, असे मालक कुळाला म्हणत असे. आमचा उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईच्या राज्यकारभाराखाली होता, आणि १९४८ च्या मुंबई कूळकायद्याने कुळाच्या कसणुकीला संरक्षण दिले. पुढे १९७४ साली कर्नाटकातील भूसुधारणेने कसणाऱ्याला मालकीपर्यंत नेले. या कायद्यांमागील नैतिक विचार साधा होता: कागदावरचे नाव हे जमिनीशी असलेले एकमेव नाते नव्हे. ज्याने बांध घातले, तण काढले, पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला, त्याचेही एक नाते आहे, आणि ते खंडाच्या पावतीत मावत नाही.

खेळाडूचे नाते मला ग्राहकापेक्षा कुळाच्या जवळचे वाटते. ग्राहकाची तक्रार पैसे परत मिळाले की संपते. येथे पैसे परत देऊ केले तरी दुःख संपले नाही. याचे कारण उघड आहे. कंपनीने ग्रह दिले, आकाश दिले, उपाहारगृहाच्या चार भिंती दिल्या; परंतु त्या उपाहारगृहात संध्याकाळी जी मैफल जमे ती कंपनीने दिलेली नव्हती. शिंप्याचा लौकिक, वैद्याची तत्परता, नगराध्यक्षाची निवडणूक, हे सारे खेळाडूंनी आपल्या वेळेतून आणि एकमेकांच्या संगतीतून निर्माण केले होते. रिकामे नाट्यगृह मालकाचे खरे; प्रयोग मात्र त्याचा एकट्याचा नसतो.

तथापि कुळाची बाजू घेताना कुळाच्या प्रत्येक तक्रारीवर डोळे मिटून शिक्कामोर्तब करणे हाही न्याय नव्हे. मी वाचलेल्या मतांत एक तक्रार वारंवार येत होती. त्या विश्वात 'जेडाय' नावाचे दिव्यशक्ती लाभलेले योद्धे असतात. जुन्या खेळात जेडाय होण्यास महिनोन्‌महिने कष्ट पडत. बदलानंतर कोणीही पहिल्या दिवसापासून जेडाय होऊ लागला. ज्यांनी कष्ट केले होते ते संतापले. हा संताप न्याय्य होता काय?

आमच्या तालुक्यात उळवी हे चन्नबसवण्णांच्या समाधीचे क्षेत्र आहे. जत्रेस धारवाड-बेळगावकडील भाविक बैलगाड्या जुंपून रानातून मुक्काम करीत येतात; पुष्कळ लोक मोटारीनेही येतात. आता, गाडीवान जर म्हणू लागला की मोटारीने आलेल्यास दर्शन मिळता कामा नये, तर त्याची वाट त्यालाच कळली नाही असे म्हणावे लागेल. दुसऱ्याला सोपे झाले म्हणून आपले कष्ट वाया जात नाहीत. परंतु कोणी बैलगाडीची वाटच खणून टाकली आणि यापुढे सर्वांनी मोटारीनेच यावे असा हुकूम काढला, तर गाडीवानाची तक्रार अगदी निराळी ठरते. पहिली तक्रार मानाची आहे, दुसरी मार्गाची. खेळाडूंच्या मतांत या दोन्ही एकमेकींत मिसळल्या होत्या; किंबहुना एकाच मनुष्याच्या एकाच वाक्यात त्या मिसळल्या होत्या. म्हणून मत देणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. आपण या विश्वाच्या हितासाठी बोलत आहोत, की त्यातील आपल्या पाटासाठी, हे त्याने स्वतःला विचारले पाहिजे. पंगतीतला पाट गेल्याचे दुःख खोटे नसते; पण ते पंगत मोडल्याचे दुःख नव्हे.

मग मालकाने करावे काय? प्रत्येक मत मानले तर खेळ एक पाऊल पुढे सरकणार नाही, आणि कोणतेच मानले नाही तर खेळणारा उरणार नाही. आइसलंडमधील एका कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातील व्यापार व युद्धे यांचा खेळ मे २००३ पासून आजही चालू आहे. त्यात २००८ पासून खेळाडूंनी मतदानाने निवडलेले एक मंडळ असते; कंपनी त्याच्याशी विचारविनिमय करते. मंडळ हाती असूनही २०११ च्या उन्हाळ्यात कंपनीने आभासी वस्त्राभरणे भरमसाट किमतीला विकावयास काढली. एका डोळ्यावर लावावयाच्या चष्म्याची किंमत ६० डॉलरच्या वर! खेळाडू खिन्न झाले, मग क्रुद्ध झाले, आणि त्या विश्वातील बाजारपेठेत जमून तेथल्या पुतळ्यावर त्यांनी गोळीबार आरंभिला. पुतळ्याला काही होणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या प्रमुखाने उघड पत्र लिहून आपली चूक कबूल केली आणि खेळाची दिशा बदलली. मंडळाने सर्व काही सुरळीत होते असे नव्हे. ऐकण्याची सोय केली म्हणजे ऐकले असे होत नाही. पण ऐकण्याची जागा आधीपासून ठरलेली असली, तर चूक झाल्यावर परत येण्यास वाट उरते.

आणि जेथे खेळ बंदच करावयाचा असतो तेथे? तोट्यात चाललेले विश्व मालकाने कायम पोसावे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु बंद करणे निराळे आणि पुसून टाकणे निराळे. २०२४ साली मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ बंद होऊन विकत घेणाऱ्यांनाही तो खेळता येईनासा झाला, तेव्हा युरोपात नागरिकांनी एक मागणी पुढे आणली: विकलेला खेळ बंद करताना तो कोणत्या तरी रूपाने खेळता येईल अशी तजवीज करा. जुलै २०२५ पर्यंत या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या होत्या. मागणी अगदी माफक आहे. उठावयास सांगा, पण घरचे वासे बरोबर नेऊ द्या, एवढेच तीत म्हटले आहे.

येथवर आल्यावर आईच्या वाक्याकडे परत गेले पाहिजे. सुपा बुडाले तेव्हा देवळे गेली, शेते गेली, पोट ज्यावर चाले ते सर्व गेले. खेळाडूचे जेवणखाण दुसऱ्या दिवशीही तसेच चालू होते. दोहोंस एकाच तागडीत घालणे हा अविवेक होईल, आणि पुतण्याने ओशाळणे योग्यच होते. परंतु दुःख लहान आहे एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. ज्या जागेवर आपला अधिकार नाही तिच्यात आपण जीव ओतला, आणि तिचे काय करावे हे दूर कोठेतरी आपल्याला न विचारता ठरले: हा धागा दोन्हीकडे आहे. मोठ्या दुःखाने लहान दुःखाला हसावे, यापेक्षा त्याला ओळखावे, हेच मला मोठेपणाचे वाटते.

हे सारे मी आईला समजावून सांगण्याचा प्रयत्न केला नाही. निघण्याच्या आदल्या रात्री पुतण्याने आपण होऊनच तिला ते यंत्र दाखविले. बंद पडलेल्या खेळाचे जुने रूप काही स्वयंसेवकांनी पदरमोड करून पुन्हा उभे केले आहे. कायद्याने त्यांची बाजू दुबळी आहे, तरी ते नेटाने चालवीत आहेत. पडद्यावर एक उपाहारगृह होते आणि चार-पाच आकृती वाजवीत होत्या. आईने बराच वेळ पाहिले. मग तिने विचारले, "यांतले तुझ्या वेळचे कोण?"

"दोघे आहेत, आजी. बाकीचे कोठे गेले ते कळले नाही."

"आमचेही तसेच," आई म्हणाली. "काही रामनगरला गेले, काही कोठे ते कळले नाही." आणि तिने चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिले.