सरासरीचा शेजार

संख्याशास्त्राचं पहिल्या वर्षाचं कुठलंही पुस्तक उघडा, नाणेफेक, फासे आणि पिशवीतले लाल-पांढरे चेंडू भेटतातच. बीड जिल्ह्यातल्या कॉलेजात शिकणारी पोरंही हेच चेंडू काढतात, मध्य-मध्यक-बहुलकाची उदाहरणं सोडवतात, प्रमाण विचलनाचं सूत्र घोकतात आणि पेपर टाकून मोकळी होतात. ज्या विषयाकडे ती पास होण्यापुरतं बघतात, त्याच विषयावर त्यांच्या घरात पीक विम्याचे पैसे येणार की नाही हे ठरत असतं. पण याचा पुस्तकात उल्लेख नाही आणि वर्गात सहसा कुणी हा विषय काढतही नाही.

सोयाबीन काढणीला आलं की महसूल मंडळातल्या निवडलेल्या शेतांत पीक कापणी प्रयोग होतात. कुठल्या गटात जायचं हे आधीच यादृच्छिक आकड्यांनी ठरलेलं असतं. शेताच्या कोपऱ्यापासून किती पावलं लांबीत आणि किती रुंदीत चालायचं, तेही. तिथे खुंट्या ठोकून, दोरी ताणून ठरलेल्या मापाचा चौकोन आखतात. आतलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. दोरीच्या बरोबर खाली एखादं शेंगांनी लगडलेलं झाड येतं. ते आत धरायचं की बाहेर? बांधावर उभ्या असलेल्या चार माणसांची चार मतं असतात, आणि हे भांडण क्षुल्लक मुळीच नाही.

याच झाडावरून 1940च्या दशकात देशातल्या दोन मोठ्या संख्याशास्त्रज्ञांचं वाजलं होतं. पी. सी. महालनोबिस लहान तुकड्यांच्या कापणीच्या बाजूचे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात 1911 साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे मोठ्या तुकड्याच्या बाजूचे. सुखात्म्यांचं म्हणणं असं की कडेचं झाड कापणारा माणूस नकळत आतच ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त, आणि म्हणून उत्पादन फुगून निघतं. अशी चूक नमुने वाढवून जात नाही. शंभर ठिकाणी तेच केलं तर ती शंभर ठिकाणी त्याच दिशेला झुकते. पुढे सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले, जगभर नाव झालं. पण अभिनती म्हणजे एकाच दिशेला झुकणारी चूक, हे बीडच्या पोराला शिकवायला त्यांचं ते कडेचं झाडच पुरे. फुगलेल्या उत्पादनाचा अर्थ त्याला लगेच कळेल, कारण तेवढी त्याच्या घरची भरपाई घटते.

ती घटते कशी, हे गणित अवघड नाही. गेल्या सात वर्षांतल्या सर्वांत चांगल्या पाच वर्षांचं सरासरी उत्पादन काढून त्याला जोखीमस्तराने, म्हणजे ठरलेल्या टक्केवारीने, गुणतात आणि उंबरठा उत्पादन ठरवतात. समजा ते हेक्टरी 10 क्विंटल आलं. यंदा महसूल मंडळाची सरासरी 8 निघाली तर विमा रकमेच्या 20 टक्के भरपाई. ज्याचं सगळं वाहून गेलं त्यालाही 20 टक्के आणि ज्याला 14 क्विंटल झालं त्यालाही 20 टक्के. सरासरी सव्वादहा निघाली तर दोघांनाही शून्य. 2025च्या खरिपापासून महाराष्ट्रात भरपाई हंगामाअखेरच्या उत्पादनावरच आणल्यामुळे या सरासरीवरचा भार आणखी वाढला आहे.

आणि आपल्याकडचा पाऊस तर बैलाचं एक शिंग भिजवून दुसरं कोरडं ठेवणारा. आष्टी, पाटोदा, शिरूर हा बीड जिल्ह्यातला पर्जन्यछायेतला भाग. एका शिवारात ओढा फुटतो तेव्हा शेजारच्या शिवारात नुसता वारा सुटलेला असतो. म्हणून शेतकरी चिडून विचारतो, माझं शेत बुडालं, त्याचा मंडळाशी काय संबंध?

संबंध जोडला तो वि. म. दांडेकरांनी. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या या अर्थशास्त्रज्ञाने 1976मध्ये पीक विमा क्षेत्राच्या सरासरीवर द्यावा असं मांडलं आणि पुढच्या सरकारी योजना त्याच पायावर उभ्या राहिल्या. कोट्यवधी शेतांत एकेक जाऊन नुकसान मोजणं अशक्य आणि मोजायला जाणाऱ्याच्या हातात नको तेवढी सत्ता. मला हा युक्तिवाद आजही पटतो. पंचनाम्यासाठी साहेबाच्या मागेमागे फिरण्यापेक्षा सरासरी बरी. ती कुणाचं तोंड बघून बदलत नाही. पण सरासरी काढण्याआधी कुणाला कुणाच्या पंगतीत बसवायचं हे ठरतं, आणि ती पंगत निसर्गाने लावलेली नसते. मंडळाची हद्द महसूल वसुलीच्या सोयीने आखलेली आहे, ढगांच्या नव्हे. बीडमध्ये विमा कंपन्या पुढे येईनात म्हणून 2020च्या खरिपात ‘बीड पॅटर्न’ आला. दावे विमा हप्त्यांच्या 110 टक्क्यांवर गेले तर वरचा बोजा सरकारचा, आणि फार कमी निघाले तर कंपनीने 20 टक्के ठेवून बाकीचे परत करायचे. त्यात कंपनी आणि सरकार यांच्यातली वाटणी बदलली. शेतकऱ्याचा शेजार आहे तोच राहिला.

मजा म्हणजे याच दांडेकरांच्या दुसऱ्या एका सरासरीला मराठवाडा कधी नाव ठेवत नाही. 1984च्या अहवालात त्यांच्या समितीने जिल्ह्याजिल्ह्याचे रस्ते, सिंचन, शिक्षण राज्याच्या सरासरीशी ताडून अनुशेष, म्हणजे विकासातली तूट, काढला. राज्यातल्या एकूण 3186.78 कोटी रुपयांपैकी मराठवाड्याचा 750.85 कोटी. तेव्हापासून सभेत माइक हातात आला की अनुशेष हा शब्द आल्याशिवाय राहत नाही. तिथे आपल्याला पुण्या-मुंबईच्या पंगतीत बसवलेलं हवं असतं. विम्यात शेजारच्या गावाबरोबरही नको असतं. यात लबाडी नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच, की तुलना कुणाशी करायची.

त्याहूनही आधीचा प्रश्न म्हणजे ‘एक’ कशाला म्हणायचं. ऊसतोडीत मोजणीचं एकक माणूस नाही, कोयता आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, वहीत नाव बहुधा नवऱ्याचं, खाडा झाला तर कापून घेतो तोही कोयत्याच्याच हिशेबातून. अमुक टोळीत वीस कोयते म्हटलं की चाळीस माणसं राबतात आणि त्यातल्या वीस जणी आकड्यात कुठेच दिसत नाहीत. त्यातली एखादी आजारी पडली तर नोंद ‘अर्धा कोयता’ बंद पडल्याची. बाई दिसत नसेल तर तिचं दुखणं कशातून दिसणार?

2019मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या राज्यभर झाल्या तेव्हा आकड्यांचा असाच गोंधळ उडाला. विधिमंडळात सांगण्यात आलं की जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कुणी म्हणालं, आकडे जुळत नाहीत. ते जुळायला नकोच होते. पहिला तीन वर्षांतल्या घटनांचा, दुसरा आयुष्यात कधीही शस्त्रक्रिया झालेल्या बायकांचा. पहिल्याला छेदच दिलेला नव्हता, दुसऱ्यात तो होता: शंभरात जवळपास 17. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचं प्रमाण शंभरात तीनच्याही आत होतं. दोन्ही गटांतल्या वयांची रचना सारखी असेलच असं नाही, हे कबूल. वयोगट पाडून बघायलाच हवं. पण वयाच्या नावाखाली एवढी तफावत झटकून टाकणाऱ्याला मी तरी नापास करीन.

उलटही चूक होते, योगायोगालाच कारण समजण्याची. बीड जिल्ह्यात 2001मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली, 2011मध्ये 807: लाखोंच्या मोजणीतली ही घसरण योगायोग असू शकत नाही. पण वर्षाला चाळीस बाळंतपणं होणाऱ्या गावात सोळा मुली आणि चोवीस मुलगे जन्मले तर ते नुसत्या योगायोगानेही सहज होऊ शकतं. पुढच्या वर्षी आकडा उलटला की सरपंचाचा सत्कार, नाही उलटला की गावाची बदनामी. पिशवीतले ते चेंडू इथे कामाला येतात. तेवढ्यासाठी ते पुस्तकात राहू द्यावेत.

अभ्यासक्रम बदलायला विद्यापीठाची वाट बघायची गरज नाही. पीक कापणी गावकऱ्यांसमोरच होते. पोरांना बांधावर नेता येतं. अडचण वेगळीच आहे. तो महिना सत्र परीक्षेच्या तोंडावरचा, आणि दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही पोरं आईबापाबरोबर जातात ती उन्हाळ्यातच परततात. 75 टक्के हजेरीचा नियम मात्र सगळ्यांना एकच. कोल्हापुराकडच्या फडात मोळ्या बांधणाऱ्या पोराची टक्केवारी बीडच्या बार्शी रोडवर राहणाऱ्या पोराच्याच छेदाने काढली जाते. विषयाच्या प्राध्यापकांनी ही हजेरी निदान दोन गटांत मांडून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवावी. वर्गीकरण हे प्रकरण तसंही पुस्तकात अगदी सुरुवातीलाच असतं.