हॅम्लेटचे वेड आणि पोलोनिअसचा खून

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधला राजपुत्र खरोखर वेडा होतो की वेडाचे सोंग घेतो, या वादाचे एक उत्तर नाटकाच्या पहिल्याच अंकात आहे. बापाच्या भुताकडून खुनाची हकीकत ऐकल्यावर हॅम्लेट आपला मित्र होरेशिओ आणि पहारेकरी मार्सेलस यांना शपथ घालतो: पुढे मी विक्षिप्त वागलो, तर आतली गोष्ट ठाऊक असल्याचे चेहऱ्यावरही दिसू देऊ नका. म्हणजे सोंग ठरवून घेतलेले आहे आणि त्याला साक्षीदारही आहेत. गुंता होतो तो पुढे, कारण हे सोंग कशासाठी, ते हॅम्लेट कधीच सांगत नाही.

मूळ कथेत ते उघड आहे. सॅक्सो ग्रामॅटिकसने १२००च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेल्या डेन्मार्कच्या इतिहासात अ‍ॅम्लेथच्या बापाला काकाने मारल्याचे सर्वांना माहीत आहे. पुतण्या शहाणा दिसला, तर त्याचाही काटा निघणार. म्हणून अ‍ॅम्लेथ अंगाला घाण फासून चुलीपाशी बसतो आणि लाकडाचे आकडे तासून विस्तवावर टणक करत राहतो. कोणी विचारले, तर बापाच्या सुडासाठी हत्यारे करतो आहे, असे खरेच सांगतो आणि लोक हसतात. शेवटी दारू पिऊन लोळणाऱ्या दरबाऱ्यांवर तो भिंतीवरचे पडदे पाडतो, याच आकड्यांनी ते जखडतो आणि वाड्याला आग लावतो. लिव्हीने सांगितलेला रोमचा ल्यूशियस ज्यूनियस ब्रूटसही टार्क्विन राजाच्या हातून वाचण्यासाठी असाच मठ्ठ बनून राहिला होता.

शेक्सपिअरने खून गुप्त ठेवला आणि सोंगाचे कारणच नाहीसे केले. खुनी काका क्लॉडिअस आता राजा आहे; त्याला पुतण्याची भीती वाटावी असे सुरुवातीला काही नव्हते. हॅम्लेटच्या वेडेपणामुळेच तो सावध होतो आणि त्याच्या जुन्या मित्रांना हेर म्हणून बोलावतो. सॅम्युअल जॉन्सनने १७६५मध्ये नेमके यावर बोट ठेवले: शहाणा राहून करता आले नसते असे काहीच हॅम्लेट वेडाच्या आडून करत नाही. तक्रार रास्त आहे, पण ज्याला दोष म्हटले त्यातूनच नाटकाची खोली आली. उपयोग नसलेले सोंग माणूस घेतो, तेव्हा त्याला ते आतूनच हवे होते की काय, अशी शंका येते. भूत भेटण्याआधीच्या स्वगतात हॅम्लेट जगाला विटलेला आहे आणि ईश्वराने आत्महत्येला मनाई केली नसती तर बरे झाले असते, असे म्हणतो. समीक्षक ब्रॅडलीने १९०४मध्ये याला वेड न म्हणता ‘मेलँकली’, म्हणजे सगळी इच्छाशक्ती शोषून घेणारी खिन्नता म्हटले. ते पटण्याजोगे आहे.

या खिन्नतेला त्या काळी धर्माचीही बाजू होती. टिमथी ब्राइट या वैद्याने १५८६मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला, त्यात शरीरातल्या काळ्या पित्ताचा विकार आणि पापाच्या जाणिवेने होणारी तळमळ ही दोन वेगळी काढली आहेत. सैतान अशाच दुबळ्या मनावर झडप घालतो, अशी समजूत होती. हॅम्लेटला ती ठाऊक आहे. भूत म्हणजे आपल्या खिन्नतेचा फायदा घेणारा सैतान तर नसेल, ही शंका तो स्वतःच बोलून दाखवतो आणि म्हणूनच राजासमोर खुनाचे नाटक करवतो. आपल्याच मनाची अशी उलटतपासणी घेणाऱ्याला वेडा म्हणणे कठीण आहे. राजाचा सल्लागार पोलोनिअस याच्याशी असंबद्ध वाटणारे तो बोलतो ते बहुतेक गद्यात; एकटा उरला की त्याची भाषा पुन्हा पद्याच्या लयीत येते. अर्थात नटांशी आणि थडगे खणणाऱ्याशीही तो गद्यातच बोलतो, त्यामुळे या पुराव्यावर फार भार टाकता येत नाही.

सगळ्यात अवघड प्रवेश आईच्या महालातला. पहिल्या अंकात भूत पहारेकऱ्यांनाही दिसले होते. इथे ते फक्त हॅम्लेटला दिसते, गर्ट्रूडला नाही. ती याला डोक्याचा खेळ म्हणते. हॅम्लेट आपली नाडी शांत असल्याचे सांगतो, बोललेले सारे शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायची तयारी दाखवतो आणि आपले वेड बनावट आहे, हे राजाला कळू देऊ नको, असे बजावतो. पण थोड्याच वेळापूर्वी त्याने पडद्याआड कोण आहे हे न पाहता तलवार खुपसून पोलोनिअसला मारले आहे, आणि ते प्रेत तिथेच पडलेले आहे.

नीतीचा प्रश्न या प्रेताशी येऊन ठेपतो. त्याच प्रवेशात हॅम्लेट म्हणतो की देवाने मला शिक्षा देणारा केले आणि मलाही शिक्षा दिली. या मृत्यूचा जाब मी देईन. पाचव्या अंकात मात्र पोलोनिअसच्या मुलाची, लेअर्टीझची माफी मागताना तो म्हणतो की अन्याय हॅम्लेटने केलाच नाही, त्याच्या वेडाने केला. हॅम्लेटही त्याच वेडाचा बळी आहे. वेड खरे असेल तर माफी खरी, पण मग आईला सांगितले ते चूक. वेड सोंग असेल तर ही पळवाट आहे. जॉन्सनलाही शूर माणसाच्या तोंडी हा खोटा बचाव खटकला होता. तिसरीही शक्यता उरते: सोंग इतके दिवस वागवल्यावर कुठे आपण होतो आणि कुठे सोंग, हे हॅम्लेटलाच सांगता येत नसावे.

पोलोनिअसची मुलगी ऑफीलिया तर सोंग न करता वेडी होते आणि पाण्यात बुडून मरते. तिचे वेड कोणी तपासून पाहत नाही. वाद होतो तो तिला धर्मविधीने पुरायचे की नाही, यावर, कारण आत्महत्या केलेल्याला तो हक्क नव्हता. बुडाली तेव्हा ती भानावर होती का, यावरच तिची जबाबदारी ठरणार होती. तिच्या भावापुढे हॅम्लेट आपल्या बचावासाठी तेच माप लावतो. लेअर्टीझ उत्तर देतो की मनाने समाधान झाले, पण इभ्रतीचा निवाडा जाणत्या वडीलधाऱ्यांनी करेपर्यंत तडजोड नाही. तोवर तुझे प्रेम प्रेम म्हणूनच स्वीकारतो. हे म्हणून तो हॅम्लेटशी होणाऱ्या द्वंद्वासाठी विष लावलेली तलवार निवडून घेतो.